तिच्या वाट्याचं वाक्य

बोटात शिरलेली तार इतकी बारीक होती की ती दिसेना, नुसती टोचत होती. सगुणानं बोट तोंडात धरलं, जिभेला खारट लागलं – ते रक्त की समुद्र कोण जाणे – आणि तिनं पुन्हा वाकून फटफटीच्या मुठीखालची ब्रेकची वायर बघितली. वायरचा पीळ उसवला होता. काल एकच तार वर आली होती, आज चांगला झुपका सुटला होता आणि मधल्या दोन-चार तारा तेवढ्या एकमेकींना धरून होत्या. हे तिला ठाऊक होतं कारण गाडी तीच धूत होती. गाडीच्या मालकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दयारामला, हे ठाऊक नव्हतं, कारण तो अजून अंथरुणात लोळत लेकीला गाणी म्हणून दाखवत होता.

आक्षीहून नागावला जायला नीट रस्ता होता, वाड्यांच्या मधून, माडांच्या सावलीतून जाणारा. पण दयारामला तो नको असे, रस्त्यावर खड्डे, धूळ, बैलगाड्या. ओहोटी लागली की हा पुळणीवरून गाडी फेकणार, ओल्या कडक वाळूवरून, चाकाखाली पाणी उडवत. मग ते खारं पाणी साखळीत, चाकाच्या तारांत, मडगार्डखाली मुरत राही आणि लोखंड खात राही. किनाऱ्यावरच्या कुणाही माणसाला हे सांगावं लागत नाही. नाखवासुद्धा संध्याकाळी नांगराच्या साखळीवर हात फिरवतो. पण दयाराम घरी येऊन गाडी माडाला टेकवायचा आणि म्हणायचा, "आता उद्या बघू." तो उद्या सगुणाच्या वाट्याला यायचा. विहिरीवर जाऊन गोडं पाणी ओढायचं, डाव्या हातानंच, कारण उजवा मनगटातून फिरत नव्हता, आणि मग घागरीमागून घागर त्या धुडावर ओतायची... म्हशीला घातलं असतं तर निदान दूध तरी दिलं असतं तिनं.

"अहो, ब्रेकची वायर तुटायला आलीय," ती दारातून म्हणाली.

"तुटायला आलीय ना? तुटली तर नाही?" आतून आवाज आला. "आणि पुळणीवर ब्रेक कशाला लागतो गं? आपटायचं कशावर? समुद्रावर?"

केसर खिदळली. सहा वर्षांची पोर, बापाच्या प्रत्येक शब्दाला खिदळायची. सगुणाच्याही ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, सवयीनं, आणि ते हललं म्हणून तिला स्वतःचाच असा संताप आला की बोटातली तार तिनं दातांनी खेचून काढली आणि थुंकली. मी धुते. मी बघते. मी सांगते. आणि वर हसतेही मीच... कुणी सांगितलंय मला हसायला?

नागावला बाळाजीनं वाडीत पाणी चढवायला नवीन इंजिन बसवलं होतं. बैलांचा रहाट थांबला, आता इंजिन पाणी ओढणार, म्हणून आज त्याची पूजा होती आणि गोडाधोडाचं जेवण होतं. बाळाजी म्हणजे दयारामचा शाळेपासूनचा सोबती. शिवाय दयाराम विम्याचं काम करी, आणि चार लोक जमणार तिथं त्याला जायचंच असे. लोक आधी हसले पाहिजेत, हे त्याचं सूत्र होतं. हसलेला माणूस नाही म्हणत नाही. आणि लोकांना हसवायला त्याच्यापाशी एकच हमखास माल होता – स्वतःचा आळस.

केसर पुढे टाकीवर, सगुणा मागे एका बाजूला पाय सोडून. गाडी पुळणीवर उतरली तशी तिनं डोळे मिटले. ती हल्ली मिटूनच बसायची. साखळी करकरत होती – तेल संपलं की तिच्या डोक्याचं खोबरेल घालायचा हा, बाटली परत जागेवरसुद्धा ठेवायचा नाही – टाकीचं झाकण कधीच हरवलं होतं, तिथं नारळाच्या सोडणाचा बोळा कोंबलेला, त्याच्यावर पोरीची मांडी. आणि दयाराम मुठीवरचे दोन्ही हात सोडून "बघ केसर, बघ" म्हणत होता. केसर टाळ्या वाजवत होती. सगुणानं डोळे उघडले, उजव्या हातानं पोरीचा फ्रॉक धरायला गेली, आणि मनगटानं नेहमीप्रमाणे अर्ध्यात नकार दिला.

इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, आणि ते धडधडून सुरू झालं तेव्हा पाटाचं पाणी माडांच्या आळ्यांतून पळताना बघून बाळाजीच्या बायकोनं, बायजानं, डोळ्यांना पदर लावला. जेवणं झाली. पुरुष ओटीवर सुपारी कातरत बसले, बायका आतल्या दाराशी. बाळाजी इंजिनाचं कौतुक सांगून थकत नव्हता.

"रोजच्या रोज तेल पायजे म्हनं ह्याला. फडक्यानं पुसायचा. न्हायतर रुसतंय." मग त्यानं दयारामकडे बघून डोळा बारीक केला. "तुज्या फटफटीला तेल कवा घातलंस रं?"

ओटीवर आधीच हशा सुरू झाला. दयाराम सावरून बसला. सगुणाला त्याची ती बसण्याची तऱ्हा पाठ होती – पाय आखडून घ्यायचे, टोपी मागे सरकवायची, आणि चेहरा असा करायचा की साक्षात पापी माणूस देवापुढे उभा आहे.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला, "मी आळशी माणूस. कबूल. टायर फाटला तर मी आत पेंढा भरतो. दिवा फुटला तेव्हापासून मी चांदण्यात फिरतो. हॉर्न नाही, पण साखळी इतकी ओरडते की गुरं आपोआप बाजूला होतात. मग तेल घालून ती गप्प कशाला करू?"

लोक हसत होते. एकेक कबुली बाहेर पडत होती, आणि प्रत्येक कबुलीबरोबर तो जास्त जास्त आवडता होत होता. हेच तिला सहन होत नव्हतं. चूक कबूल केली की माणूस मोकळा होतो म्हणतात, तसा हा खरोखरच मोकळा होत होता – दर वेळी, नव्यानं, आणि पुन्हा तेच करायला. दुसरा कुणी ह्याला आळशी म्हणाला असता तर निदान भांडण झालं असतं. पण हा स्वतःच म्हणून टाकतो. मग बोलायला काय उरलं कुणाला?

"पण त्याचा प्रसाद मिळाला एकदा," दयाराम म्हणाला, आणि दाराकडे एक ओझरती नजर टाकली.

आली. ती गोष्ट आली. सगुणानं मनगट पदराखाली घेतलं.

"मागच्या सीटची पायटेकणी मोडलेली. मी काय केलं, काथ्याच्या दोरीनं बांधली. म्हटलं काथ्या खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही, होड्या बांधतो आपण त्यानं. हिला मागे बसवली आणि निघालो इकडेच, बाळाजीकडे. वाटेत मी हिला सांगतोय, अगं, यंदा घर शाकारून घेऊ, अमुक करू, तमुक करू. ही गप्प. मला वाटलं, चला, बायकोला पटतंय एकदाचं." हशा. "इथं अंगणात येऊन गाडी उभी केली, म्हटलं उतर. बघतो तर सीटवर कुणी नाही!"

"मी व्हतो," बाळाजी हसून हसून लाल झाला होता. "मी ईचारलं, वयनी कुठं हाय? तर हा टाकीत बघतोय!"

काथ्या कुजला नव्हता. काथ्या काय कुजतोय. गाठ सुटली होती, कारण एक वेढा देऊन टोक नुसतं खोचलेलं होतं. दुसरी गाठ मारायचा कंटाळा. पायाखालचा आधार गेला, ती पडली ती मनगटावर, आणि काड्कन आवाज झाला तो तिलाच ऐकू आला. मग ओल्या वाळूवर बसून, तो हात मांडीवर घेऊन, ती लांब जाणाऱ्या फटफटीकडे बघत राहिली होती. ती ओरडली नव्हती. किती विचित्र... ओरडावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तो बोलत होता, हात हलवत होता, लांबून दिसत होतं. तो हात हलवत हलवत बारीक होत गेला. भरतीचं पाणी तिच्या पायांशी आलं, मग साडीशी. शेवटी मासळीची पाटी घेऊन जाणारी काशी कोळीण आली आणि तिनं तिला काखेत धरून वर ओढलं.

आणि ते वाक्य... ते वाक्य नंतरचं. हाडवैद्यानं हात आवळून बांधला होता – वाकडाच बांधला, पण ते नंतर कळलं – आणि दयाराम तिच्या उशाशी बसून रडत होता. खरंच रडत होता, लहान पोरासारखा, नाक पुसत. त्याला तसं बघवेना म्हणून, त्याला त्यातून काढायचं म्हणून ती म्हणाली होती, "मी ओरडत होते हो, पण तुम्हाला वाटलं साखळीच ओरडतेय." तो आधी बघत राहिला, मग हसला. हसता हसता त्याचं रडू पुसलं गेलं. तिला किती बरं वाटलं होतं. त्या दिवशी आपण नवऱ्याला काय देऊन बसलो, हे तिला कळलं ते पुढे, दुसऱ्यांदा ऐकताना, तिसऱ्यांदा ऐकताना... आता तर तो त्या जागी येऊन थांबायचा, मान वळवायचा, आणि वाक्य तिनं म्हणायचं. लोकांना ते तिच्याच तोंडून हवं असे.

त्या मनगटानं तिला तांदळाची भाकरी थापता येत नव्हती. हात पालथा होत नाही, भाकरी कडेला फाटते. सासरची माणसं तिच्या भाकरीला नकाशा म्हणायची. दयारामनं तेही गोष्टीला जोडलं होतं, शेपटासारखं.

"मग परत गेलो," दयाराम सांगत होता, "तर ही वाळूत बसलीय. मी म्हटलं, अगं, पडलीस तर ओरडायचं नाही का? तर ही काय म्हणाली असेल?"

तो थांबला. मान दाराकडे वळली. सगळ्या माना वळल्या. बायजा तर आधीच पदर तोंडाशी नेऊन तयार होती. सगुणानं ओठ मिटून घेतले. नाही. आज नाही. ओटीवर सुपारीचा अडकित्ता थांबला. दयारामचा चेहरा हसराच होता, पण भुवई किंचित वर गेली – म्हण ना. तिला त्या भुवईचा तिटकारा आला. राहू दे थांबलेला. राहू दे उघडा पडलेला, सगळ्यांच्या देखत...

"मी ओरडत होते हो," एक बारीक आवाज आला, "पण तुम्हाला वाटलं साखळीच ओरडतेय."

केसर. बापाच्या मांडीशी उभी राहून, आईसारखा पदर सावरल्याचं सोंग करून, आईसारखी मान वेळावून. ओटी हसण्यानं फुटली. बाळाजीनं मांडीवर थाप मारली, बायजा सगुणाच्या खांद्यावर कोसळून "पोर बाय, पोर काय गं तुजी" म्हणत डोळे पुसू लागली, आणि दयारामनं लेकीला उचलून छातीशी घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. त्याला वाक्याशी मतलब होता. ते कुणी म्हटलं, ह्याच्याशी नाही.

सगुणाला ऐकू येईनासं झालं. पोरीला हे पाठ आहे. मान वेळावणं पाठ आहे. मीच शिकवलंय तिला, दर वेळी, हसून... उद्या हिचं काही मोडेल आणि हीही कुणाच्या तरी उशाशी असंच एखादं वाक्य तयार करून देईल. राग दयारामवर होता, ओटीवरच्या दातांवर होता, पण सगळ्यांत जास्त तो त्या वर्षानुवर्षं हसणाऱ्या बाईवर होता, आणि ती बाई कुठं पळून जाणार?

ऊन उतरलं तेव्हा लोक अंगणात निरोप द्यायला जमले. बाळाजीचा धाकटा भाऊ विम्याचं बोलायला उद्या येतो म्हणाला होता, त्यामुळे दयाराम खुशीत होता. भरती लागली होती, पाणी सुरूच्या झाडांकडे सरकत होतं, तरी तो गाडीचं तोंड पुळणीकडेच करून उभा होता. त्यानं केसरला टाकीवर बसवलं.

"केसर, उतर," सगुणा म्हणाली.

"अगं, बस मागे. पाणी यायच्या आत पोचू."

"मी चालत जाणार आहे. रस्त्यानं. पोर माझ्याबरोबर येईल."

तिनं पोरीला दोन्ही काखांत धरून खाली ओढलं. केसर टाकीला चिकटून किंचाळली, नारळाचा बोळा निघून खाली पडला, पेट्रोलचा वास सुटला. दयारामनं एकदा तिच्याकडे बघितलं, आणि क्षणभर तिला वाटलं की हा आता काही विचारील. पण मागे माणसं उभी होती.

"बघा," तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "ह्या वेळी पडायच्या आधीच उतरली."

ते हसले. ती चालू लागली. मागे फटफटीचा आवाज झाला, तो समुद्राच्या बाजूला गेला आणि माडांपलीकडून तिच्या पुढे निघून गेला.

केसर बराच वेळ हात सोडवत रडत होती. तू वाईट आहेस म्हणाली, मला बाबाच आवडतात म्हणाली. सगुणानं ते ऐकून घेतलं. तिला नवल वाटलं, ऐकून घेता येत होतं. वाड्यांच्या कुंपणांवर निवडुंगाच्या सावल्या लांबल्या, रडणं हुंदक्यांवर आलं, मग पोर दगड लाथाडत चालू लागली, आणि मग पोरंच ती, सगळं विसरून तिनं वर बघितलं.

"आई, तू कशी ओरडली होतीस? ओरडून दाखव ना."

"मी ओरडले नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते खोटं आहे. मी ओरडलेच नव्हते."

केसरनं ह्यावर चालता चालता विचार केला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

"मग बाबांना कळणार कसं?"

सगुणा जागच्या जागी थांबली. एक क्षण असा आला की पोरीच्या गालावर हात उठला असता. हेच, हेच सगळे विचारणार – शहाणी माणसं, न्यायानं बोलणारी माणसं, आई, सासू, बायजा, सगळी. तू ओरडली नाहीस, मग त्याला कळणार कसं. आणि ती स्वतःही इतकी वर्षं ह्याच प्रश्नाशी येऊन मुकाट परत फिरत होती.

"मागे बघून," ती म्हणाली.

"काय?"

"मागे बसलेलं माणूस आहे की नाही, हे मागे बघून कळतं. एकदा मान वळवली असती तर कळलं असतं."

केसरनं आईचं बोट धरलं. सगुणा पुन्हा चालू लागली. राग काही गेला नव्हता. पण पुन्हा कुठल्यातरी ओटीवर दयाराम त्या जागी येऊन थांबेल, भुवई वर करील, सगळ्या माना वळतील, आणि तेव्हा हेच म्हणायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. ती ते मनातल्या मनात म्हणून बघत होती... शब्द बरोबर येत होते, एकही कमी-जास्त नाही. फक्त ते म्हणताना आपला आवाज कसा लागेल, हे काही केल्या तिला ऐकू येत नव्हतं.