फाटकवाडीची राखण

पूल आमीच मागितला, हे आधी सांगते, न्हाईतर उगाच सरकारला शिव्या द्याल. आमच्या मालकांनी, गाव त्यांना ज्योतीरामभाऊ म्हणतं, रेल्वे फाटकापाशी मांडव घालून उपोषण केलं होतं. पूल झाला की चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या वाढतील, गाड्या वाढल्या की आमच्या हॉटेलाचं गिऱ्हाईक वाढेल, असा त्यांचा हिशोब. अहो, गाड्या पुलावरनं जातील, त्या खाली कशाला उतरतील, एवढं एकाच्या डोक्यात येईल तर शपथ! मी बोलले होते. बाईमाणसाचं कोण ऐकतंय.

फाटकवाडी म्हणजे तरी काय होतं? फाटक पडायचं आणि माणसं अडकायची, त्यांच्यावर वाडी उभी राहिली. आधी आमचं वड्याचं हॉटेल, मग पंक्चरवाला, सलून, रसवंती, शेवटी तर लॉजसुद्धा. फाटकाची घंटा वाजली की मालक वडे तेलात सोडायचे, गाड्यांची रांग लागेपर्यंत घाणा तयार. बसच्या खिडक्यांतनं नुसते हात बाहेर यायचे. मला मान वर करायला सवड नसायची, पण मजा होती बाई.

पूल झाला आणि फाटकाच्या जागी भिंत घातली. आता एका अंगाला रेल्वेची भिंत, दुसऱ्या अंगाला कंपनीचं कंपाउंड, डोक्यावर पूल. पंक्चरवाला गेला, सलून गेलं, लॉजमध्ये कबुतरं राहतात. समोरच्या गिरणीत दळण न्यायचं तर केवढा वळसा! मालक तरी रेल्वेचा भोंगा ऐकला की वडे सोडायचेच. उरलेले मी संध्याकाळी खायचे, टाकवत न्हाईत म्हणून. कोंडवाड्यात घातलेल्या गुरासारखी गत झाली माझी. जीव गुदमरायचा.

आमचा सार्थक चाकणला कंपनीत हाय. त्याची पोरगी चालायला लागली ते मी मोबाईलवर बघितलं. तिकडं जाऊन राहू, म्हणून किती मागं लागले मी. मालकांचं एकच, "घराला कुलूप लागलं की भावकी ताबा मारंल. वाडी सोडायची न्हाई."

शेवटी सार्थकनंच शक्कल काढली. त्याच्या कंपनीच्या कॅन्टीनचा ठेकेदार, शेखर नाव त्याचं, त्याला घेऊन आला. आई-बाबा दोघांनाबी कामाला घे म्हणाला. मी जीव ओतून भाजी केली, मालकांनी वडे तळले. शेखर खाऊन बोटं चाटत म्हणाला, "मावशी, काय चव हाय राव!" माझी तर मनातल्या मनात पिशवी भरून झाली.

"पण जागा एकच हाय," तो म्हणाला. "रात्रपाळी असते, भट्टीवर गडीच लागतो. भाऊ, तुमी या."

आता हे न्हाई म्हणणार, याची मला खात्री. वाडीसाठी एवढा मांडव घालणारा माणूस! मालकांनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "येतो की."

"आणि मी?"

"तू हायस म्हणून तर मला जाता येतंय. घराला राखण नको व्हय?"

असा संताप आला म्हणून सांगू! मी सार्थककडं बघितलं. तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आई, थोडे दिवस फक्त." चटणीचं भांडं आपटलं मी. पण खरं सांगू, कुलूप लावून त्यांच्या मागं पळत सुटायचं धाडस मलाबी झालं न्हाई. आयुष्यभराचं घर एवढंच हाय आमचं.

सोमवारी मालक नवा शर्ट घालून गेले. संध्याकाळी फोन आला. आवाजच वेगळा, दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा. "अगं, पोरगी माझ्या अंगावरच झोपली बघ. उठवत न्हाई मला." मी बरं म्हणाले. मग म्हणाले, "दारात बसत जा जरा. येणाऱ्याजाणाऱ्याला घरात माणूस दिसलं पायजे."

इथं कोण येतंय आणि कोण जातंय? तरी रोज सकाळी मी खुर्ची दारात ओढते आणि दिसत बसते.