दहा लाख एक

दहा लाख एक ही संख्या परीक्षेच्या पेपरात घालताना बाईंना ती मूळ संख्याच वाटली होती. दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत एकेका मूळ संख्येने त्यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली. खरं तर हजारापर्यंत जायला हवं होतं. पण मान आखडली, कंटाळा आला, आणि उत्तरांच्या यादीत त्यांनी ‘मूळ’ लिहून टाकलं.

सतत चिवचिवते म्हणून जिला सगळा वर्ग चिमणी म्हणायचा, तिने लिहिलं होतं: मूळ नाही, १०१ × ९९०१. बाईंनी यादीशी ताडून फुली मारली.

पेपर मिळाले तशी ती टेबलाशी आली. “बाई, गुणून बघा ना.”

बाईंनी मनातल्या मनात गुणलं. नऊ हजार नऊशे एकची शंभरपट, त्यात नऊ हजार नऊशे एक आणखी एकदा. तंतोतंत दहा लाख एक. पण दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, आणि बाईंचं गणित कधी चुकत नाही असा पंचवीस वर्षांचा लौकिक होता.

“पेपर हातात पडला की हुज्जत घालायची नाही. जागेवर बस.”

ती बसली. त्या एका गुणाने गणित स्पर्धेच्या संघातलं तिचं नाव गेलं. पुढे वर्गात तिचा हात कधी वर झाला नाही. बाईंना घास गोड लागेना. फळ्याकडे वळल्या की पाठीवर तिची नजर आहे असं वाटे. मागे बघावं तर ती आपली वहीत डोकं घालून बसलेली.

स्पर्धा होऊन गेली, भरून काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुठे बाईंचे पाय तिच्या घराकडे वळले. आईचं इस्त्रीचं दुकान होतं. मागच्या खोलीत चिमणी चादरींच्या घड्या घालत होती.

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “तुझं उत्तर बरोबर होतं.”

“माहीत आहे. तुम्हालाही तेव्हाच कळलं होतं. तुमचे ओठ हलत होते.”

धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना झालं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “शोधलंस कसं?”

“शंभराचा घन दहा लाख, एकाचा घन एक. दोन घनांची बेरीज फोडायची. तुम्हीच तर शिकवलंत.”

दारापलीकडे दुकानात आईने इस्त्री उभी करून ठेवली. “बाई, तुम्ही घरापर्यंत आलात, पुष्कळ झालं. बसा, चहा टाकते.”

“पुष्कळ नाही,” चिमणी हळूच म्हणाली. “वर्गात सांगाल?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांना वर्गात बोलावलं आणि फळ्यावर गुणाकार मांडला. “हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले.” चिमणीचा गुण वाढला. संघ केव्हाच तिसरा नंबर काढून परतला होता.

मधल्या सुट्टीत ती येईल म्हणून बाई टेबलाशी थांबल्या. ती आली नाही. नळाशी मैत्रिणींशी बोलत उभी होती. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.