डिसलाइकचा रकाना

माझी लेक संघरत्ना दुसरीत गेल्यापासून आसनगावच्या आमच्या घरात एक रीत पडली होती. शाळेची रिक्षा सोडून गेली की हातपाय धुवायचे आणि ओटीवर बसून इंग्रजीचा गृहपाठ आजीला मोठ्याने वाचून दाखवायचा. माझ्या सासूबाईंना, येसूबाईंना, मी आई म्हणते; त्यांना मराठीही वाचता येत नाही. तरी त्या डोळे मिटून ऐकायच्या. मधेच म्हणायच्या, "परत वाच. ते चांगलं होतं."

इंग्रजीतला एकच शब्द त्यांना यायचा. शाळेच्या कार्यक्रमात बाईंनी त्यांची 'ग्रँडमदर' म्हणून ओळख करून दिली होती, तेव्हापासून.

त्या दिवशी वहीत दोन रकाने होते. एक डिसलाइकचा, एक हेटचा. मी आत तांदूळ पाखडत होते, पण कान बाहेर. माझे कान कायम बाहेरच असतात.

"आय डिसलाइक कारलं. आय डिसलाइक मॅथ्स." मग तिने रकाना बदलला. "आय हेट माय ग्रँडमदर."

सूप माझ्या हातात तसंच राहिलं.

"माजं नाव आलं गो," आई खुलल्या आणि आत माझ्याकडे वळल्या. "रत्ना, काय लिवलंय माज्यावर?"

"तुम्ही तिला आवडता, असं लिहिलंय," मी दारात येऊन सांगितलं.

त्यांनी लगेच कुंपणापलीकडच्या गिरजाला हाक मारून सांगितलं.

मी संघरत्नाला मागच्या दारी नेलं. "आजीने काय केलं तुला?"

"मिसरी लावते आणि त्याच बोटांनी माझी वेणी घालते. वर्गातली कुणाली म्हणते, तुझ्या केसांना तंबाखूचा वास येतो. ती लांब बसते."

मी बी. ए. झालेली, पण हा फरक कधी कुणाला समजावून सांगितला नव्हता. शब्द शोधत शोधत म्हणाले, "डिसलाइक म्हणजे ती वस्तू बाजूला ठेवली की झालं. हेट म्हणजे ते माणूसच नको. आजी मुरबाडला आत्याकडे कायमची राहायला गेली तर चालेल तुला?"

तिने वेणीचं टोक हातात धरलं.

"मग वेणी कोण घालणार?"

"मी."

"तू ओढतेस," ती म्हणाली आणि खोडरबर आणायला पळाली.

खोडून खोडून कागद विरला. ओटीवर जाऊन तिने नवीन ओळ वाचली, "आय डिसलाइक मिसरी."

मिसरी इंग्रजीतही मिसरीच राहणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईंनी डोळे उघडले. "माजं नाव गेलं?"

"बदललं," संघरत्ना म्हणाली.

आई आपल्या काळपट बोटाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. "तुला खोटं बोलता येत नाय, रत्ना. मगाशीच तुजं तोंड पायलं मी."

"आई, ती तसं..."

"असू दे. माज्यापरीस मिसरी नावडली ती बरी."

सकाळी मला रोजच्यासारखी भाजलेल्या तंबाखूच्या वासाने जाग आली नाही. आईंनी माझ्या साबणाने दोनदा हात धुतले, बोटं आधी स्वतः हुंगली, मग नातीच्या नाकापाशी धरली. तिने मान डोलावल्यावरच फणी हातात घेतली.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा आईंनी कोनाड्यातली तंबाखूची डबी काढली. विचारावं की नाही, अशा उभ्या राहिल्या.

मी मिसरी भाजायचा तवा चुलीवर ठेवला.