तारे काढल्यावर उरलेली कड

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बहिणीने लॅपटॉपवरचे एकशे ब्याण्णव फोटो पुसले. रीसायकल बिनमधूनही काढून टाकले, कारण तिला जागा हवी होती. भावाचे स्कॅन दहाच्या आत दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवायचे होते आणि डिस्कमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. नऊ त्रेपन्नला स्कॅन उतरले, नऊ अठ्ठावन्नला पोचले. नर्सने कळवलं, मिळाले.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आई गेल्यापासून घरात दोघंच. गेली बारा वर्षं त्याचा नाद एकच होता: गच्चीवर दुर्बीण लावायची आणि तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांच्या अधेमधे पसरलेल्या वायूच्या ढगांचे, फोटो काढायचे. हे ढग इतके अंधूक असतात की एका फोटोत काहीच दिसत नाही. दहा-दहा मिनिटं उजेड साठवत काढलेले शेदोनशे फोटो एकावर एक रचले की ढग वर येतो. त्याच्यासोबत हजारो तारेही येतात. मग एक प्रोग्राम चालवून ते तारे काढून टाकायचे.

"नवरीचा फोटो काढायला जावं आणि मध्ये पाहुण्यांची डोकी," तो म्हणायचा. "आधी ही गर्दी हटव, ठमे, मग बघू."

ठमी म्हणजे बहीण. बारा वर्षं तिने हेच ऐकलं होतं की तारे म्हणजे अडचण. त्या सकाळी तिच्यासमोर दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'ताऱ्यांसह', दुसऱ्याचं 'स्वच्छ'. पहिल्यात एकशे ब्याण्णव मूळ फोटो, दुसऱ्यात त्यांच्यापासून झालेलं एक तयार चित्र. तिने तयार चित्र ठेवलं. मूळ फोटोंची दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती उन्हाळ्यात बंद पडली होती. नवी आणायची राहून गेली, कारण त्याच आठवड्यात त्याचा आजार कळला.

चार दिवसांनी भाऊ उशीला टेकून लॅपटॉपवर ते चित्र न्याहाळत होता. डाव्या कोपऱ्यात त्याला एक कड दिसली. कापलेल्या नखासारखी, फिकट. दोन दिवस त्याने तेजोमेघांच्या जेवढ्या याद्या मिळाल्या तेवढ्या धुंडाळल्या. अशी कड कुठेच नोंदलेली नव्हती.

"मी म्हणत नाही नवीन सापडलंय," तो म्हणाला. "पण असेलच तर बत्तीस तासांच्या फोटोंत सापडलंय. आणि नसेल तर तसं सांगा म्हणावं. मला फक्त आहे की नाही एवढं कळू दे."

हौशी मंडळींची चित्रं तपासून देणारा एक निवृत्त शिक्षक होता. त्याला पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. भावाची बोटं थरथरायची, म्हणून पत्रव्यवहार बहीण बघत होती. शिक्षकाने लिहिलं होतं: तारे काढणारा प्रोग्राम ताऱ्याची जागा रिकामी सोडत नाही. आजूबाजूला काय आहे ते पाहून तो अंदाजाने ती भरतो. आपली कड एका ठळक ताऱ्याला लागून आहे. ती आकाशातली की प्रोग्रामने भरलेली, हे मूळ फोटोंशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. कृपया मूळ फोटो पाठवावेत.

बहिणीने पत्र दोनदा वाचलं. मूळ फोटो मागितलेत, एवढंच भावाला सांगितलं. मग लॅपटॉप घेऊन ती संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. त्याने तासभर खटपट केली आणि मान हलवली. "पुसल्या पुसल्या आला असतात तर बघता आलं असतं. तुम्ही त्याच जागेवर दुसरं काहीतरी उतरवलंय."

घरी आल्यावर भावाने विचारलं, "पाठवलेस?"

"पाठवले."

"मग? काय म्हणतो मास्तर?"

"रांग आहे म्हणे. बऱ्याच जणांची चित्रं पडलीत."

"माझी तब्येत कळव त्याला. म्हणावं, आयुष्यभर लोकांना वर पोचवलं, आता गड्याची स्वतःची पाळी आलीय. जरा पुढे घ्या."

ती हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ सोडून ठेवला.

त्याच आठवड्यात दुसऱ्या हॉस्पिटलने कळवलं की करण्यासारखं काही उरलेलं नाही.

पुढचे पाच दिवस तो रोज एकदा विचारायचा. सहाव्या दिवशी सकाळी तिने औषधाची गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "दादा, पत्र आलं. कड खरी आहे."

त्याने गोळी घेतली नाही. "वाच."

"तेच लिहिलंय. खरी आहे म्हणून."

"तो माणूस दोन शब्दांत सांगेल? आज पौर्णिमा आहे एवढं सांगायलाही त्याला पानभर लागतं. सगळं वाच."

तिने पाण्याचं भांडं स्टुलावर ठेवलं. मग खाली बसली आणि तिने सांगितलं. किती वाजता पुसले, कशासाठी पुसले, दुरुस्तीवाला काय म्हणाला, सगळं. मध्ये एकदाही थांबली नाही.

तो छताकडे पाहत होता. त्याने विचारलं, "स्कॅनला जागा पुरली का?"

"पुरली."

"वेळेत पोचले?"

"दोन मिनिटं आधी."

"मग झालं तर." त्याने गोळी तोंडात टाकली. पाण्याचा घोट गिळताना त्याला ठसका लागला. तिने पाठ चोळली. त्यानंतर त्याने कडेचा विषय काढला नाही. तिनेही नाही. नऊ दिवसांनी, दुपारी सव्वातीनला, तो गेला.

दुर्बीण कशी लावायची ते त्याच्या वहीत लिहिलेलं आहे. अक्षर गिचमिड आहे, पण तिला ते वाचायची सवय आहे. पहिल्या प्रयत्नात फोकस चुकला आणि सगळे फोटो फुकट गेले. दुसऱ्या प्रयत्नात आभाळच भरून आलं. तिसऱ्यापासून जमू लागलं. आता ती तीन डिस्कवर प्रती ठेवते. तारे काढत नाही.

गेल्या मंगळवारपर्यंत तिच्याकडे एक्केचाळीस चांगले फोटो जमले होते. सहा तास पन्नास मिनिटं. ते तिने शिक्षकाला पाठवले. त्याने पानभर उत्तर लिहिलं. डाव्या कोपऱ्यात, ठळक ताऱ्याशेजारी, काहीतरी असावंसं वाटतं, पण तसं नुसत्या ताऱ्याच्या प्रभेमुळेही वाटू शकतं. निदान वीस तास हवेत.

आकाशाचा तो भाग सध्या रोज थोडा लवकर मावळतो. तिच्या हिशेबाने अकरा दिवसांनी तो शेजारच्या इमारतीआड जाईल आणि पुढच्या वर्षीच पुन्हा दिसेल. बुधवारपासून आभाळ भरलेलं आहे.