गुलाबी प्यादं

गुलाबी प्यादं — बाकीची सगळी लाकडाची, तपकिरी आणि काळी, आणि हे एकटंच हिरड्यांच्या रंगाचं — कॉम्प्युटरशेजारी आडवं पडलं होतं. ते उभं करावं असं त्याला मघापासून वाटत होतं, पण हात प्लास्टरनं माखलेले... आणि पडद्यावर दोन साइट उघड्या होत्या, डावीकडची आणि उजवीकडची. त्यातली एक निवडायची, एवढंच काम. सकाळपासून एका कवळीचा साचा सुकून दुसरीचा सुकायला आला, तरी त्याचं ठरत नव्हतं.

"अरे दातवाल्या, बुद्धिबळाची साइट निवडायचीये, जावई नाही!" वकील मघाशी फोनवर म्हणाला होता. "चारला मास्तर तिकडे कॉम्प्युटरसमोर येऊन बसतील. मला विचारशील तर ती डावीकडची घे. डाव संपला की कॉम्प्युटर एकेक चाल तपासतो, चुकली तिला लाल खूण, आणि ती आपल्या तिघांनाही दिसते. कळू दे एकदाचं कोण किती पाण्यात आहे!"

वकिलाला हसायला काय जातंय!

अकरा वर्षं दर शनिवारी तिघं इथंच, या दात बनवायच्या खोलीत जमत होते — वकील, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि तो. दोन महिन्यांपूर्वी मास्तर मुलीकडे राहायला गेले, दूरच्या गावी. जाताना पट ठेवून गेले आणि वहीसुद्धा. प्रत्येक डाव ते त्या वहीत चालीचाल लिहून ठेवायचे. "तुझ्याकडेच असू दे," एवढंच म्हणाले आणि मान फिरवली.

उजवीकडची साइट साधी होती. खेळा, उठा, विसरा. तपासणी नाही, खुणा नाहीत. तीच हवी होती त्याला, पण वकिलाला काय सांगणार? की मला भीती वाटते? भीती वाटतच होती.

कारण दोन वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली, आणि महिन्याभरानं ते खेळायला आले ते हरले, पुढच्या शनिवारीही हरले, आणि सोंगट्या डब्यात भरता भरता म्हणाले, "आता हेही जमेना." तिसऱ्या शनिवारी त्यानं आपला वजीर सरळ त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. तेव्हापासून तीनातले दोन डाव तो हरत आला होता. हरत कसला, हरवून घेत होता. कवळीत एक दात किंचित तिरका बसवावा लागतो, हे त्याला त्याच्या गुरूनं विसाव्या वर्षी शिकवलं होतं. सगळे सरळ बसवले की नकली दिसतात. चूकही तशीच करायची — थोडी तिरकी, खरी वाटणारी. माणसाला फसवायला तेवढं पुरतं. यंत्राला पुरेल? आणि मास्तरांना कळलं तर? कुणी आपली कीव केलेली त्यांना खपायची नाही. पुन्हा बोलणार नाहीत ते माझ्याशी... कधीच नाहीत.

बघूच तरी, म्हणून त्यानं हात धुतले, वही उघडली आणि गेल्या वर्षीचा एक हरलेला डाव डावीकडच्या साइटवर भरला. तेविसाव्या चालीला लाल खूण. त्याचीच चाल. सापडलो! कानशिलं तापली. चाल बरोबर भरली ना, हे बघायला त्यानं वहीवर बोट ठेवलं, तर तेविसाव्या चालीशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.

टेकली असेल पेन्सिल.

त्यानं दुसरा डाव भरला. लाल खूण एकतिसाव्या चालीला. ठिपकाही एकतिसाव्या चालीशेजारी.

मग वही भराभर मागं उलटली, ठिपके शोधत... दोन वर्षांपूर्वी ते थांबले, म्हणजे पहिल्यांदा वजीर दिला तिथंच. म्हणजे पहिल्या दिवसापासून मास्तरांना कळत होतं, आणि तरी दर शनिवारी टाळी देऊन म्हणायचे, "काय रे, आज झोपलास का?" त्याला शरम वाटली आणि रागही आला, मास्तरांचा की स्वतःचा हे कळेना. वही मिटणार एवढ्यात आणखी मागची पानं सुटून पडली, सहा वर्षांपूर्वीची, आणि तिथं पुन्हा ठिपके.

ते वर्ष त्याला पाठ होतं. ग्राइंडरचं चाक उजव्या तर्जनीवरून गेलं होतं, आणि दात कोरणं संपलं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मास्तर त्याला ओढून पटावर बसवायचे. आणि तो जिंकला होता! ओळीनं अकरा शनिवार. बोट निकामी झालं तरी डोकं शाबूत आहे, असं त्या अकरा शनिवारांनी त्याला सांगितलं होतं, त्यांच्याच जिवावर तो पुन्हा कामाला बसला... त्यानं त्यातला एक डाव भरला. लाल खूण एकोणिसाव्या चालीला, मास्तरांच्या. ठिपका तिथंच. दुसरा डाव. तिथंही. तिसरा भरायचा धीर झाला नाही.

फोन वाजला. "ठरलं का? की बँडबाजा बोलावू?" वकील.

"ठरवतोय."

"चार वाजले, बाबा!"

त्यानं फोन ठेवला. उजवीकडची घेतली तर सगळं आहे तसं चालेल — ते मला फसवतील, मी त्यांना. डावीकडची घेतली तर दोघांनाही खरं खेळावं लागेल, आणि खरं खेळल्यावर कोण जिंकतं हे... आता कुणाला माहीत होतं? तो किती पाण्यात होता? मघापर्यंत भीती होती ती मास्तरांना कळेल याची. ती आता उरली नव्हती. तिच्या जागी जे आलं होतं, ते सोसायला जड होतं.

पडद्यावर मास्तरांचा मेसेज आला. "बसलोय. कुठं यायचं?"

उत्तर लिहायच्या आधी त्यानं आडवं पडलेलं प्यादं उभं केलं. त्याच्या तळाला कानशीचे वेडेवाकडे ओरखडे होते. बोट बरं होत आलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "अरे, एक प्यादं हरवलंय. करून दे, घाई नाही," आणि खोलीत दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं ते कवळीच्या गुलाबी मालातून कोरलं होतं. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं. त्या बोटानं केलेलं पहिलं काम.

प्यादं हातात तसंच धरून तो पडद्याकडे बघत राहिला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती, मास्तर तिकडे वाट बघत होते, आणि कुठं यायचं ते लिहायचं सोडून त्याला त्यांना एकच विचारावंसं वाटत होतं — मास्तर, ते लाकडाचं प्यादं खरंच हरवलं होतं का?