दारूकोठारातलं कीर्तन

गडावरच्या मारुतीपुढं जोतीरामबुवा दर एकादशीला दुपारी कीर्तन करीत. ऐकायला कुणी येत नसे. बायको धोंडुबाई होती तोवर ती टाळ धरून बसायची आणि शेवटी बुवांच्या कपाळाला बुक्का लावायची. ती गेल्यावर बुवा भिंतीलाच 'श्रोते हो' म्हणू लागले.

मग एका एकादशीला पुण्याचे भूतशोधक यंत्रं घेऊन आले. देवळामागच्या दारूकोठारात त्यांना एक आवाज सापडला. शब्द दगडात विरले होते, उरला होता नुसता सूर. लढाईत पडलेला शिपाई विव्हळतोय, असं त्यांनी मोबाईलवरून जगाला सांगितलं. बुवांनी तो आवाज ऐकला आणि थेट सरपंचाला गाठलं.

"अमरसिंह, ह्यो माझा गळा हाय की."

"व्हय बुवा, मला ठावं हाय. पर तुमच्या कीर्तनाला कुत्रं फिरकत न्हाय, आन् भूत म्हटल्यावर इचलकरंजीसनं गाड्या लागल्यात. पुढल्या एकादशीला कोठारातच बसा. फकस्त दिसू नका."

बुवा संतापून घरी गेले आणि एकादशीला मुकाट्यानं कोठारात येऊन बसले. श्रोत्यांची भूक पोटाच्या भुकेहून वाईट.

बाहेर दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. असा गळा बुवांना आयुष्यात लागला नव्हता. धोंडुबाईच्या आवडत्या अभंगाला बाहेर एक बाई हुंदके देऊन रडली.

कीर्तन संपलं. पाया पडायला कुणी आत आलं नाही. सगळे भिऊन गड उतरले. बुवांनी डबी उघडली आणि आपल्याच हातानं कपाळाला बुक्का लावला.