खवले नसलेला मासा

सकाळी सव्वासहाला फिदेलाने रश्शाचं पातेलं बहिणीच्या चुलीवर ठेवलं. आत सुचे मासा होता: मिशांचा, गुळगुळीत, खवले नसलेला. तो आता सरोवरात क्वचितच सापडतो. आजाऱ्याला उठवतो तो याचाच रस्सा, असं पुनो शहराच्या काठावर सगळेच मानतात. शनिवार पाळणारी ख्रिस्ती मंडळी तेवढी मानत नाही; खवले नाहीत, म्हणजे अशुद्ध.

बहीण एलोदिया हिचा नवरा दामासो त्या मंडळीचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक. इस्पितळाने त्याला घरी पाठवलं होतं. तीन दिवस पोटात काही नव्हतं. आज काही गेलं नाही तर रविवार दिसायचा नाही, असं नर्स सांगून गेली होती.

"त्यांना वास आला तर?" एलोदिया कुजबुजली.

"येऊ दे. बायबलात देवानं पेत्राला सांगितलं ना, मी शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस?"

"ते माणसांबद्दल होतं," आतून दामासोचा क्षीण आवाज आला. "आणि पेत्रानं खाल्लं कुठे? पुढचं वाचा, मेहुणीबाई."

"उठवत नाही, पण वाद घालायला भावजी तयार!" फिदेला म्हणाली. हसली मात्र नाही. अकरा वर्षांपूर्वी तापाने फणफणलेल्या लेकीला तिने हाच रस्सा पाजला होता. दामासोने भर सभेत लेवीय पुस्तकातले खाण्याचे नियम वाचून फिदेलाचं नाव मंडळीच्या यादीतून काढलं. लेक जगली. नाव परत लागलं नाही.

एलोदिया वाडगा भरून आत गेली.

"कोणता मासा?"

"ट्राउट. खवल्यांचा." तिने नजर चमच्यावरच ठेवली.

त्याने पाच चमचे घेतले. सहाव्याला तोंड मिटलं. बाप्तिस्म्याआधी वीस वर्षं त्याने सुचेच पकडले होते.

"उद्या सभेत सांग. माझंही नाव काढा म्हणावं."

"तुमचा काय दोष? खोटं मी बोलले."

"पहिल्या चमच्यालाच कळलं होतं."

"अहो, नाव गेलं तर तुम्हाला पुरायचं कुठे? दफनभूमी मंडळीची आहे."

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी मंडळीचे दोन वडील आले. एलोदियाने सांगितलेलं दारात उभ्यानेच ऐकून, विचार करून कळवतो म्हणाले. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांचा निरोप आला नव्हता. त्या पाच चमच्यांनंतर दामासोने पाणीही घेतलं नव्हतं.